दवाखान्यातला कॉम्प्युटर पेशंटपासून किती लांब हवा?

कॉम्प्युटर पेशंटला कुठेच लागत नाही, मग त्याची एवढी काळजी कशाला, असं अनेक डॉक्टर आम्हाला विचारतात. पण तपासताना तुमचा एक हात कीबोर्डवर किंवा सीपीयूवर आणि दुसरा पेशंटच्या मनगटावर असतो. त्या क्षणी मशिन आणि पेशंट तुमच्यातून जोडलेले असतात.

साध्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, थोडा करंट कायम अर्थिंगमध्ये सोडत असतो. हा बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे. ऑफिसच्या उपकरणांना असं लीकेज, म्हणजे गळणारा करंट, प्रकारानुसार साडेतीन मिलिअँपिअरपर्यंत चालतं. वैद्यकीय उपकरणांचं मानक, आयईसी ६०६०१, फार कडक आहे: हात लागेल अशा भागावर नेहमीच्या वापरात ०.१ मिलिअँपिअर, त्यापुढे नाही. अर्थिंग शाबूत आहे तोवर कॉम्प्युटरचं लीकेज जमिनीत जातं. अर्थिंग तुटलं की तेच लीकेज कॉम्प्युटरच्या पत्र्यावर येतं.

मागे एका दवाखान्यात सीपीयूला टेस्टर लावला, तर दिवा लागला. सॉकेट थ्री-पिनच होतं. उघडून पाहिलं तर अर्थिंगच्या स्क्रूला वायरच नव्हती. रिसेप्शनवरच्या ताईंना कित्येक दिवस हाताला मुंग्या येत होत्या, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

म्हणून जागा ठरवताना आम्ही आधी टेप लावतो. पेशंट जिथे बसतो किंवा झोपतो तिथून चहूबाजूंनी १.५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट, साधा कॉम्प्युटर नको. खोली लहान असेल तर मेडिकल ग्रेडचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेन्सशी थेट जोड न ठेवता वीज देणारा, बसवावा लागतो. तो महाग आहे, हे खरं. पण त्याच्या जागी स्टॅबिलायझर चालत नाही.

अंतर पाळूनही एक वाट उरते, ती डेटा केबलची. ईसीजी मशिनची यूएसबी कॉम्प्युटरला जोडली की पाच फुटांना काही अर्थ राहत नाही. शिवाय जेल लावलेल्या त्वचेतून करंट सहज जातो. मशिनच्या कंपनीने सांगितलेला आयसोलेटर, म्हणजे डेटा जाऊ देऊन करंट अडवणारा जोड, वापरा. लॅपटॉप असेल तर ईसीजी काढताना चार्जर आणि प्रिंटरची केबल काढून तो बॅटरीवर चालवा. ग्राफवर बारीक दातेरी रेघ येत असेल तर ती बहुधा मेन्सची ५० हर्ट्झ असते. अशा वेळी अर्थिंग तपासून घ्या.

एकाच एक्स्टेंशन बोर्डवर सीपीयू, मॉनिटर, प्रिंटर लावले की सगळ्यांचं लीकेज एकाच अर्थ वायरमध्ये जमा होतं. बोर्ड जमिनीवर ठेवू नका, फरशी रोज पुसली जाते. अर्थची पिन मोडून टू-पिनमध्ये प्लग घालणं तर कधीच नको.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवीच, ती जीव वाचवते. पण तीन-चार मिलिअँपिअरला ती ट्रिप होत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका.

आमच्या एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, दर भेटीत प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग तपासलं जातं. मधल्या काळात कुणाच्या हाताला मुंग्या आल्याच, तर बटण बंद करून प्लग काढा आणि त्याच दिवशी फोन करा. पुढच्या भेटीची वाट पाहू नका.