मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र: घर मुलांना द्यायचे, पण केव्हा?

महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते. स्थानिक अधिभार जेथे लागू असेल तेथे तो वेगळा. सवलत चांगलीच आहे. मात्र तिच्यामुळे, मृत्युपत्राने जे पुढे व्हायचे तेच बक्षीसपत्राने आज स्वस्तात उरकते, असा समज घरोघरी पसरला आहे, आणि तो धोक्याचा आहे.

मृत्युपत्र लिहिणाऱ्याच्या हयातीत काहीच देत नाही. सकाळी सही केलेले मृत्युपत्र संध्याकाळी रद्द करता येते, घर विकता येते, त्यावर कर्ज काढता येते. त्याला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. पुढे वाद झाला तर त्यांपैकी हयात असलेल्या निदान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे करावे लागते, म्हणून समवयस्क मित्रापेक्षा तरुण आणि लाभाशी संबंध नसलेला साक्षीदार घ्यावा, हे जाणते वकील आवर्जून सांगतात.

बक्षीसपत्राची गोष्ट निराळी. स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार नोंदणीकृतच असावे लागते. नोटरीच्या शिक्क्याने ते होत नाही. घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावेही लागते. दुय्यम निबंधक कार्यालयात कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो, यंत्रावर अंगठा उमटतो आणि हाती येणाऱ्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यात, वडील ‘लिहून देणार’ तर मुलगा ‘लिहून घेणार’ होतो. ‘आजपासून सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क, हितसंबंध उरलेला नाही’ हे दस्तातले ठरलेले वाक्य अक्षरशः खरे असते. मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही.

यातला सर्वांत दुर्लक्षित धोका मुलाच्या वाईट वागण्याचा नसून त्याच्या अकाली मृत्यूचा आहे. बक्षीस मिळालेल्या घराचा मालक असलेला हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता आईवडिलांआधी गेला, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार ते घर त्याची पत्नी, मुले आणि आई यांच्यात वाटले जाते. आई वर्ग एकची, म्हणजे पहिल्या हक्काची वारस आहे, वडील नाहीत. म्हणजे ज्याने आयुष्यभराच्या कमाईतून घर घेतले, त्याचाच त्यात वाटा उरत नाही. घर मृत्युपत्राने द्यायचे ठेवले असते, तर वडिलांना नवे मृत्युपत्र करून मोकळे होता आले असते.

मुलाने सांभाळ केला नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ कामी येते, पण त्यालाही अट आहे. सांभाळाच्या बोलीवर दिलेली मिळकत ती बोली मोडल्यास न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. मात्र ती बोली मुळात होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कलमाचा उदार अर्थ लावला. तरी निकालांच्या भरवशावर न राहता सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट लिहावी, आणि सोबत तहहयात राहण्याचा हक्क राखून ठेवावा. असा हक्क राखल्याने बक्षीस अवैध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

वडिलोपार्जित मिळकतीत तर फरक उलट बाजूनेही दिसतो. एकत्र हिंदू कुटुंबातील आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, पण इतर सहदायादांच्या, म्हणजे जन्मतः हक्क असलेल्या हिस्सेदारांच्या, संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. गोव्यात वेगळेच: मुलांसारखे सक्तीचे वारस असतील, तर मृत्युपत्राने स्वतःच्या वाट्यातील निम्म्याचीच मनाजोगती विल्हेवाट लावता येते, आणि बक्षिसाच्या वाटेनेही त्या वारसांचा राखीव भाग डावलता येत नाही.

बक्षीसपत्र कधी योग्य? मुलीला आजच घराची गरज आहे, देणाऱ्याचे स्वतःचे निवृत्तिवेतन व दुसरे छप्पर शाबूत आहे, आणि आपल्या पश्चात भावंडांत तंटा होईल अशी रास्त भीती आहे, अशा वेळी. बाकी बहुतेकांनी राहते एकमेव घर तरी मृत्युपत्रातच ठेवावे.