लिनक्सवरील घरगुती डीएसएल जोडणी

टेलिफोनच्या तांब्याच्या तारजोडीवरून बोलणे चालू ठेवून इंटरनेटही पुरवण्याच्या पद्धतीला डीएसएल म्हणतात. घरोघरी तिचा एडीएसएल हा प्रकार रूढ झाला. आवाजाला सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो, एडीएसएल त्याच्या वरचा, सुमारे २५ ते ११०४ किलोहर्ट्झचा पट्टा वापरते आणि स्प्लिटर या दोहोंना वेगळे ठेवतो. भारत संचार निगमने ही सेवा २००५ साली सुरू केली. एक्स्चेंजपासून तार जितकी लांब, तितका वरच्या कंप्रतेचा संकेत क्षीण होतो. त्यामुळे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार शहरात एक्स्चेंजजवळ मिळणारा वेग रावेर-यावलकडे गावाबाहेर केळीच्या मळ्यात राहणाऱ्याला मिळत नाही, आणि त्यावर लिनक्स या संगणकप्रणालीकडे इलाज नाही.

मोडेम राउटर म्हणून चालत असेल, म्हणजे इंटरनेटशी जोडणी तोच करत असेल, तर लिनक्सला करण्यासारखे फारसे उरत नाही. पत्ता आपोआप मिळतो. मोडेम ब्रिज म्हणून, म्हणजे संकेत नुसते पुढे देणारा म्हणून ठेवला, तर मात्र पीपीपीओई हा नाव-पासवर्ड देऊन जोडणी करण्याचा नियम पाळून संगणकालाच डायल करावे लागते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर त्यासाठी पीपीपीओईकॉन्फ हे साधन आहे, तर इतरत्र जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये डीएसएल प्रकारची जोडणी तयार करून वापरकर्ता-नाव व पासवर्ड भरता येतो. व्हीपीआय व व्हीसीआय हे डीएसएल तारेवरची आभासी वाट ठरवणारे आकडे (भारत संचार निगमसाठी बहुधा ० व ३५) मोडेममध्ये भरायचे असतात, संगणकात नव्हे. नवख्यांचा बराच वेळ याच घोटाळ्यात जातो.

बिघाड शोधताना तारेपासून सुरुवात करावी. मोडेमवरील डीएसएलचा दिवा स्थिर नसेल, तर संगणकाला हात लावू नये. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत फोनची तार धाब्यावरून आत उतरते. मधे कुठेतरी नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा असतो आणि पहिल्या पावसात तो ओला झाला की फोनवर खरखर येते व दिवा लुकलुकू लागतो. मोडेमच्या पानावर संकेत-गोंगाट अंतर ६ डेसिबलच्या खाली दिसले, तर जोडणी वारंवार तुटणार हे धरून चालावे.

दिवा स्थिर असूनही जोडणी होत नसेल, तर लॉग, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या नोंदी वाचाव्यात. पाडो या सर्व्हरच्या पहिल्या उत्तराची वाट पाहून वेळ संपल्याची नोंद दिसली, तर संगणकाची हाक पलीकडच्या सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही किंवा तिला उत्तर येत नाही. मोडेम ब्रिज नसणे वा व्हीसीआय चुकणे ही नेहमीची कारणे. ओळख पटवण्यात अपयश आल्याची नोंद असेल, तर नाव-पासवर्ड तपासावे. आधीचा मुख्य मार्ग बदलत नाही, असे जोडणी करणारा पीपीपीडी हा प्रोग्रॅम सांगत असेल, तर जोडणी झालेली असते, पण बाहेर जाणारे सगळे अजून जुन्याच लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) वाटेने चाललेले असते.

सर्वांत फसवा दोष एमटीयूचा, म्हणजे एका खेपेत जाऊ शकणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराचा. काही संकेतस्थळे उघडतात, काही नुसती अडकून राहतात. पीपीपीओईचे शीर्षक ८ बाइट खाते, म्हणून इथरनेटच्या १५०० ऐवजी १४९२ बाइटच उरतात. तुकडे न करण्याची सूचना देऊन १४६४ बाइटचा पिंग (चाचणी संदेश) पाठवावा. शीर्षकांचे २८ मिळून तो नेमका १४९२ होतो. तो गेला नाही, तर एमटीयू आणखी कमी करून पाहावे. संगणकामागे इतर यंत्रे असतील, तर टीसीपीची एमएसएस (एका पॅकेटमधील मजकुराची कमाल लांबी) ही मर्यादाही मार्गाच्या एमटीयूला बांधून द्यावी लागते.