तुमच्या फर्निचरचं वेळापत्रक आता फोनवर

ऑर्डर पक्की झाली की तुमच्या व्हॉट्सॲपवर एक लिंक येईल. कटिंग, प्रेसिंग, एज बँडिंग (प्लायच्या कडांना पट्टी चिकटवणं), ड्रिलिंग, पॉलिश, डिलिव्हरी, फिटिंग यांपैकी तुमचं काम कुठवर आलंय, ते तिथे दिसतं. वेगळं ॲप लागत नाही. तारखा तुम्हाला फक्त पाहता येतात. कारखान्यातही त्या बदलण्याचं काम एकाच माणसाकडे आहे, कारण दोघांनी दोन गिऱ्हाइकांना तीच तारीख दिली की पॅनेल सॉ, म्हणजे प्लाय कापायच्या यंत्रापुढे दोन घरांचा प्लाय एकदम येऊन पडतो.

करडी तारीख अंदाजाची, हिरवी पक्की. लाल म्हणजे काम अडलंय; कशामुळे, ते शेजारी लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तुमच्याकडून एखादं उत्तर यायचं असतं.

तारीख हिरवी व्हायला चार गोष्टी हातात लागतात: अंतिम माप, सही केलेलं ड्रॉइंग, सनमायकाचा कोड आणि ओव्हन, हॉब (ओट्यात बसणारी शेगडी), चिमणीचे मॉडेल नंबर. नुसतं ‘साठ सेंटिमीटरचा ओव्हन’ सांगून भागत नाही. खाच कंपनीच्या पत्रकातल्या मापानेच कापावी लागते.

अंतिम माप टाइल्स बसल्यावरच घेतलं जाईल, घाई असली तरी. टाइल आणि खालचा मसाला मिळून भिंत 12 ते 15 मिमी पुढे येते. दोन्ही बाजूंना टाइल असेल तर कोनाडा 24 ते 30 मिमीने आक्रसतो. आधीच्या मापाचं कपाट मग आत जात नाही, आणि सनमायका लागलेला बॉक्स रंधा मारून बारीक करता येत नाही.

हिरव्या तारखेनंतर ‘एवढा एकच बदल’ सांगण्याआधी हे पाहा. प्लायचा शीट 8 बाय 4 फूट, म्हणजे 2440 बाय 1220 मिमी. ओट्याखालच्या कपाटाची खोली 600 मिमी असेल तर रुंदीतून दोन पट्ट्या निघतात. तीच तुम्ही ‘पूर्ण 24 इंच’, म्हणजे 610 मिमी केलीत, तर पात्याच्या साधारण 3 मिमी जाडीमुळे दुसरी पट्टी पुरी पडत नाही. कटिंग लिस्ट नव्याने, प्लाय जास्त, आणि सॉवरचा तुमचा नंबर मागे. म्हणून अशा बदलानंतर तारीख पुन्हा करडी होते. सनमायकाचंही असंच: मागाहून मागवलेला शीट वेगळ्या लॉटचा आला तर शेडमध्ये फरक दिसू शकतो.

यंत्राचे तास वेळापत्रकात नेमके बसतात; वाळण्याचे बसत नाहीत. फेविकॉल लावलेलं पॅनेल रात्रभर प्रेसखाली राहतं. पॉलिशचा एक हात सुकल्याशिवाय घासून दुसरा देता येत नाही. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, त्यामुळे भर पावसाच्या दिवशी पॉलिश थांबतं आणि तारीख पुढे जाते. फक्त सनमायकाच्या कामाला हा प्रश्न नाही. दिवाळीला फर्निचर घरात हवं असेल, तर ड्रॉइंगवर सही गणपतीच्या आधी झालेली बरी.

लिंकमध्ये सोसायटीचा एक छोटा फॉर्म आहे. ड्रिलिंगला परवानगी असलेली वेळ, रविवारची बंदी, सामानाची लिफ्ट आहे का, आणि लिफ्टची आतली उंची, रुंदी व खोली भरा. साडेसात फुटांचं शटर लिफ्टमध्ये तिरकं तरी मावेल का, ते यावरूनच कळतं. मावत नसेल तर जिन्याने चढवायला जास्त माणसं लागतात, आणि फिटिंगचा पहिला दिवस त्यातच जातो.

प्रत्येक पॅनेलवर क्यूआर कोडचं स्टिकर असतं. एक टप्पा संपला की कारागीर ते स्कॅन करतात. हाताला गोंद आणि टॅबवर भुसा असल्यामुळे पुष्कळदा सगळं स्कॅनिंग संध्याकाळी एकदम होतं. तेव्हा दुपारी लिंक जुनी वाटली तर रात्री 8 नंतर पुन्हा उघडून पाहा. फोनवर कोणी वेगळी तारीख सांगितली, तर लिंकवरची खरी धरा.