लिनक्स वकिलाच्या ऑफिसात चालत नाही?

कोल्हापुरात वर्षानुवर्षं ऐकू येणारी समजूत: लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर कमांड टाइप करणं, ते इंजिनिअरांचं काम, वकिलांचं नव्हे. हे खरं नाही. लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आहे. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा न्यायालयांना उबुंटू हा लिनक्सचाच प्रकार दिला गेला. म्हणजे ज्या कोर्टात आपण दावा दाखल करतो, तिथला कारकून लिनक्स वापरतो, आणि आपण मात्र ते जमणार नाही म्हणतो!

१८ ऑगस्ट २०२५ पासून इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. वकिलांची कामं वाढलीत. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. जुना पीसी भंगारात काढायच्या आधी लिनक्स मिंट हा लिनक्सचा आणखी एक प्रकार पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता चालवून बघा. हार्डडिस्कवरच्या फायली जागच्या जागी राहतात.

मराठीचं काय? इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कीबोर्ड, सेटिंगमध्ये जोडता येतो. लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये अर्ज युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात) टाइप करायचा, तिथूनच थेट पीडीएफ काढायची. खरी अडचण जुन्या फायलींची. बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांत दिसतो, पण ते विंडोजवरही होतंच. असा मजकूर एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

टॅलीचं मात्र स्पष्ट सांगतो: ते विंडोजसाठी बनलंय. हिशेबाचा एक पीसी विंडोजवरच ठेवा. टायपिंग, ईमेल आणि ई-फायलिंगचे बाकीचे पीसी बदलायला हरकत नाही. प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन तेवढं आधी जोडून तपासा.