‘टेलिम’ म्हणजे अडाणी इंग्रजी नव्हे

मालवणात होमस्टे चालवणाऱ्या माझ्या मावसबहिणीने परवा फोनवर विचारलं, “इंग्लंडचे पाहुणे ‘टेल हिम’ न म्हणता ‘टेलिम’ म्हणतात. शिकलेले नसतील का गं?” ‘ह’ खाल्ला की उच्चार अडाणी, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. सर्वनामांच्या बाबतीत ते साफ चूक आहे.

‘ही’, ‘हिम’, ‘हिज’, ‘हर’ यांचे इंग्रजीत दोन-दोन उच्चार आहेत. शब्दावर जोर असेल किंवा तो वाक्याच्या सुरुवातीला असेल, तर ‘ह’ ऐकू येतो. मध्ये, जोर नसताना, तो गळतो, प्राध्यापकांच्या बोलण्यातही. ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ डॅनियल जोन्स यांच्या १९१७ च्या इंग्रजी उच्चारकोशात अशी रूपं नोंदलेली आहेत. ‘हाउस’चं ‘आउस’ करणं ही वेगळी गोष्ट, ती लंडनच्या कॉकनी बोलीतली. आणि ‘इट’ तर जुन्या इंग्रजीत ‘हिट’च होतं, त्याचा ‘ह’ कायमचा गेला.

आपण तरी काय करतो? जेटीवर उभं राहून ‘होडी आली आहे’ कोण म्हणतं? ‘होडी आलीय’! ‘आहे’तला ‘ह’ गेला, म्हणून कुणी आपल्याला अडाणी ठरवत नाही.

तिला सांगितलं, तू ‘टेल हिम’ म्हण, खुशाल. फक्त ‘टेलिम’ कानाला ओळखता आलं पाहिजे.