पार्श्वभूमी : दहा सेंटांच्या भयकथा जाडजूड खंडांत कशा आल्या

१९५० च्या दशकात अमेरिकेत भयकथांच्या कॉमिक्सचा अंक दहा सेंटांना मिळायचा. कागद वर्तमानपत्राचा, छपाई घाईची. पुढचा अंक स्टॉलवर आला की मागचा रद्दीत जायचा. आज त्याच कथा चांगल्या कागदावर, पक्क्या बांधणीत, प्रस्तावनेसह वाचायला मिळतात. माझं तर ठाम मत आहे की आज त्या जितक्या नीट वाचता येतात, तितक्या त्यांच्या पहिल्या वाचकांनाही वाचता आल्या नव्हत्या. यात कुणा एकाची दूरदृष्टी नव्हती. एका प्रकाशकाची सगळं जपून ठेवायची सवय, कॉपीराइट कायद्यातली एक अट आणि काळ्या-पांढऱ्या मासिकांनी शोधलेली पळवाट, अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टींमुळे हे साहित्य टिकलं.

निव्वळ भयकथांचा पहिला अंक म्हणून एव्हन कंपनीच्या 'ईरी'कडे बोट दाखवलं जातं. तो १९४७ मध्ये निघाला, पण लगेच पुढचा अंक आला नाही. १९४८ पासून 'अ‍ॅडव्हेंचर्स इंटू द अननोन' नियमित निघू लागलं. तरीही या प्रकाराला खरा आकार दिला तो ईसी कॉमिक्सने. कंपनीचे संस्थापक मॅक्स गेन्स १९४७ मध्ये बोटीच्या अपघातात गेले आणि कारभार त्यांचा मुलगा विल्यम याच्याकडे आला. बायबल आणि इतिहासावरची कॉमिक्स काढण्यासाठी सुरू झालेल्या या कंपनीने १९५० मध्ये 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हॉन्ट ऑफ फिअर' ही तीन भयमासिकं काढली. जोडीला 'वियर्ड सायन्स' आणि 'वियर्ड फँटसी' होती.

विल्यम गेन्स रात्री जागून कथा वाचायचे आणि त्यांतून कथाबीजं टिपून ठेवायचे. सकाळी संपादक अल फेल्डस्टाइन यांच्याशी त्यावर चर्चा व्हायची आणि फेल्डस्टाइन त्यांतल्या एकाची कथा थेट चित्राच्या बोर्डावर लिहायला बसायचे. चित्रकाराच्या हाती बोर्ड जायचा तेव्हा त्यावर निवेदन आणि संवाद आधीच उतरलेले असायचे, तेही लेरॉय नावाच्या यांत्रिक साच्याने काढलेल्या एकसारख्या अक्षरांत. ईसीच्या पानांवर मजकुराची इतकी गर्दी का असते, ते यावरून कळतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही गर्दी जड वाटते. दोन-चार कथांनंतर त्या निवेदनाची लय सापडते. गंभीर आवाजातलं, द्वितीयपुरुषी, 'तू जिना उतरतोस, तुझा हात थरथरतो' असं सांगत जाणारं ते निवेदन रेडिओवरच्या भयनाट्यांच्या फार जवळचं आहे. कथेची ओळख करून देणाऱ्या चेटकिणीची कल्पनाही रेडिओवरूनच आली.

मात्र या कथा पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात त्या चित्रकारांमुळे. ईसीत प्रत्येकाला स्वतःच्या शैलीत काढायची मुभा होती, चित्राखाली सही करता यायची, अंकात चित्रकारांचा परिचय छापला जायचा. त्या काळात हे दुर्मीळ होतं. ग्रॅहम इंगल्स यांच्या चित्रांत सगळंच ओघळतं : कपडे, चेहरे, झाडांच्या फांद्या, कुजलेले हात. जॉनी क्रेग याच्या अगदी उलट. स्वच्छ खोल्या, नीटनेटकी माणसं, आणि म्हणूनच तिथली हिंसा जास्त अंगावर येते. वॉली वुड यांनी अंतराळयानांच्या आतल्या यंत्रांवर जो जीव ओतला आहे, तो भिंगाखाली बघण्यासारखा आहे. बर्नार्ड क्रिगस्टीन यांना १९५५ मध्ये एक सहा पानी कथा मिळाली. त्यांनी भांडून आठ पानं मिळवली आणि चौकटींचे तुकडे करत करत एका सेकंदाला पसरवून दाखवलं. नाझी छळछावणीच्या भूतकाळावरची ती कथा, 'मास्टर रेस', भयकथांच्या मासिकात आलेली नव्हती. पण त्या चित्रकारांनी काय साधलं होतं हे पाहायचं तर ती टाळून चालणार नाही.

कथानकांबद्दल मात्र खरं बोललं पाहिजे. नवऱ्याने बायकोला मारायचं किंवा बायकोने नवऱ्याला, आणि शेवटच्या पानावर प्रेत उठून हिशेब चुकता करायला यायचं, हा साचा फार वेळा येतो. बायका बहुतेक वेळा लोभी किंवा बळी, यापलीकडे जात नाहीत. म्हणून एका बैठकीत अख्खा खंड संपवू नये. दोन-तीन कथा वाचून पुस्तक मिटावं आणि तेवढी चित्रं पुन्हा निवांत बघावीत. साचा ठाऊक झाला की लक्ष आपोआप मांडणीकडे वळतं : धक्का कोणत्या चौकटीत द्यायचा, काय दाखवायचं, काय चौकटीबाहेर ठेवायचं.

ही सगळी भरभराट १९५४ मध्ये संपली. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' त्याच वर्षी आलं आणि बालगुन्हेगारीचं खापर कॉमिक्सवर फुटलं. वर्थम हार्लेममधल्या गरिबांसाठी दवाखाना चालवणारे होते, त्यांची कळकळ खरी होती. पण कॅरल टिली या अभ्यासिकेने त्यांची कागदपत्रं तपासून २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते. १९५४ च्याच एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली. गेन्स स्वतःहून साक्षीला गेले. सिनेटर केफॉव्हर यांनी एक मुखपृष्ठ पुढे धरलं, एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात स्त्रीचं तुटलेलं मुंडकं, आणि हे सुरुचीला धरून आहे का असं विचारलं. भयकथेच्या मुखपृष्ठापुरतं आहे, असं उत्तर गेन्स यांनी दिलं. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत झळकलं.

सरकारने बंदी घातली नाही. ते काम प्रकाशकांच्या संघटनेनेच केलं. ऑक्टोबर १९५४ च्या 'कॉमिक्स कोड' या नियमावलीने अंकाच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द वापरायला मनाई केली. चालती प्रेतं, व्हॅम्पायर, लांडगामाणसं, नरभक्षण, सगळं बाद. कोडचा शिक्का नसलेले अंक वितरक घेईनात. ब्रिटनने पुढच्या वर्षी थेट कायदाच केला.

इथे पुनर्मुद्रणाचा पहिला मोठा प्रसंग येतो, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ईसीच्या 'इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन'च्या ३३ व्या अंकासाठी केलेली एक कथा कोडच्या परीक्षकांनी नाकारली. जागा भरायला गेन्स आणि फेल्डस्टाइन यांनी १९५३ मधली जुनी कथा काढली : 'जजमेंट डे', चित्रं जो ऑर्लँडो यांची. पृथ्वीवरून आलेला एक निरीक्षक यंत्रमानवांचा ग्रह तपासतो. तिथे नारिंगी आणि निळे यंत्रमानव आतून हुबेहूब सारखे आहेत, पण निळ्यांना वेगळ्या वस्तीत, हलक्या कामांवर ठेवलेलं आहे. तुम्ही अजून तयार नाही, असं सांगून तो परत निघतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय आहे, आणि त्याच्या कपाळावरचे घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकताहेत. कोडचे प्रमुख चार्ल्स मर्फी यांनी माणूस कृष्णवर्णीय नको असं सांगितलं. फेल्डस्टाइन यांच्या सांगण्यानुसार, हे प्रकरण जाहीर करू अशी तंबी दिल्यावर मागणी घामाच्या थेंबांवर आली. गेन्स यांनी तेही पुसले नाहीत. कथा जशीच्या तशी १९५६ मध्ये छापली गेली आणि ईसीने त्यानंतर कॉमिक बुक काढलं नाही. ईसीचं विनोदी 'मॅड' तेवढं मासिकाच्या रूपात चालू राहिलं.

दुसऱ्या प्रकाशकांकडे छापून झालेली मूळ चित्रं फाडली गेली, वाटली गेली, कचऱ्यात गेली. गेन्स यांनी जवळजवळ सगळी बांधून ठेवली. छापील पानापेक्षा बऱ्याच मोठ्या बोर्डांवर केलेली ती शाईची चित्रं नसती, तर पुढचं काहीच शक्य नव्हतं. १९६४ पासून बॅलंटाइनने काही कथा खिशात मावतील अशा पेपरबॅकमध्ये आणल्या, पण पानावरच्या चौकटी सुट्या करून छोट्या आकारात बसवल्यामुळे मांडणीची वाट लागली. १९७१ मध्ये नॉस्टॅल्जिया प्रेसने मोठ्या आकाराचं पुस्तक काढलं आणि त्यात कोडने नाकारलेली ती कथा, 'अ‍ॅन आय फॉर अ‍ॅन आय', पहिल्यांदा वाचकांसमोर आली. मग भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असलेले रस कॉक्रन या कामात उतरले. त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मूळ बोर्डांवरून छापलेले, पेटीबंद, काळ्या-पांढऱ्या खंडांचे संच काढले.

या खंडांमुळे वाचकांत जो वाद सुरू झाला तो आजही चालू आहे : काळं-पांढरं की रंगीत? मूळ अंकांत तीन रंगांच्या शायांचे ठिपके आणि वर काळी रेघ असायची. खरखरीत कागदावर ठिपके पसरायचे, रंग रेघेबाहेर सरकायचा, बारीक रेषा बुजायच्या. काळ्या-पांढऱ्या खंडात इंगल्स यांच्या ब्रशची प्रत्येक ओढ दिसते. पण मरी सेव्हरिन यांचं रंगकाम हेही कथेचाच भाग होतं. अख्खी चौकट निळ्या किंवा लाल रंगात बुडवून त्या दृश्याचं वजन बदलायच्या, आणि ते काळ्या-पांढऱ्यात हरवतं. २००६ पासून निघालेल्या ईसी आर्काइव्हजच्या खंडांत संगणकावर नव्याने रंग भरले. तिथली गुळगुळीत छटा मला या रेषांना परकी वाटते. चित्र बघायचं असेल तर मी काळी-पांढरी आवृत्ती घेईन, आणि त्या काळाचं वाचन अनुभवायचं असेल तर जुन्या छापील पानांवरून, ठिपक्यांसकट स्कॅन केलेली. २०१२ मध्ये आयडीडब्ल्यू या प्रकाशकाने वुड यांची मूळ पानं मूळ आकारात छापली. त्यांत पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या आणि चिकटवलेल्या पट्ट्याही दिसतात. शिकणाऱ्या चित्रकाराने एकदा तरी ते पुस्तक हातात घ्यावं.

कोडचा अंमल कॉमिक बुकांवर होता, मासिकांवर नव्हता. जेम्स वॉरन यांनी हीच फट हेरून १९६४ मध्ये मोठ्या आकाराचं, काळं-पांढरं 'क्रीपी' काढलं, मागोमाग 'ईरी' (एव्हनच्या अंकाशी फक्त नाव सारखं) आणि १९६९ मध्ये 'व्हॅम्पिरेला'. ईसीतले चित्रकार क्रँडल, विल्यमसन, ऑर्लँडो इथे आले, बरीच मुखपृष्ठं फ्रँक फ्रॅझेटा यांनी रंगवली. रंग नाही म्हटल्यावर चित्रकारांनी करड्या छटांचं काम मनावर घेतलं. स्टीव्ह डिट्को यांची या मासिकांतली पातळ शाईच्या छटांची पानं त्यांच्या सुपरहिरोंच्या कामाहून मला अधिक आवडतात. १९७१ नंतर स्पॅनिश चित्रकार आले आणि मासिकांचा चेहराच बदलला. वॉरनची कंपनी १९८३ मध्ये बुडाली. डार्क हॉर्सने २००८ पासून 'क्रीपी'चे संग्रह काढले आणि वाचकांची पत्रंही त्यांत ठेवली. ती पत्रं वगळून पुढे जाऊ नका. कोणत्या कथेवर वाचक चिडले, कोणत्या चित्रकारासाठी त्यांनी आग्रह धरला, हे तिथेच समजतं.

याच फटीतून कोनन या रानटी योद्ध्याच्या कथांचं 'द सॅव्हेज स्वोर्ड ऑफ कोनन' १९७४ मध्ये आलं. जॉन ब्युसेमा यांची पेन्सिल आणि फिलिपिनो चित्रकार अल्फ्रेडो अल्काला यांची शाई एकत्र आलेली पानं जुन्या कोरीव मुद्राचित्रांच्या जवळ जातात. अद्भुतकथांची आवड असणाऱ्याने सुरुवात इथून करावी. अडचण हक्कांची आहे. कोननचे हक्क प्रकाशकाकडून प्रकाशकाकडे फिरत राहिले, त्यामुळे तेच अंक वेगवेगळ्या आवृत्त्यांत येतात आणि मध्येच बाजारातून गायब होतात.

उरलेल्या, लहान कंपन्यांच्या भयकथा टिकल्या त्या कायद्यातल्या एका अटीमुळे. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात कॉपीराइट २८ व्या वर्षी नव्याने नोंदवावा लागे. तोवर बरेच प्रकाशक बंद पडले होते, नोंद करायला कुणी नव्हतं, आणि हजारो पानं सर्वांसाठी खुली झाली. म्हणून बेसिल वुल्व्हर्टन यांचे बारीक रेघोट्यांनी विणलेले विद्रूप चेहरे किंवा १९५४ मधले कोवळे डिट्को आज सहज मिळतात. या संग्रहांचा दर्जा मात्र सारखा नाही. मूळ बोर्ड उरलेले नसल्याने सगळं छापील अंकांवरून घ्यावं लागतं; काही प्रकाशक पान निगुतीने स्वच्छ करतात, काही जसंच्या तसं ढकलतात. घेण्याआधी दोन-चार पानं बघावीत. आणखी एक गोष्ट तपासावी. जुन्या अंकातल्या जाहिराती काढल्या की डावी-उजवी पानं सरकतात, आणि पान उलटल्यावर बसणारा धक्का समोरच्याच पानावर आधीच दिसून जातो. चांगला संपादक कोरं पान घालून हे सांभाळतो.

सर्वांत उशिरा हात लागला तो अ‍ॅटलसला, म्हणजे पुढे जी मार्व्हल झाली त्या कंपनीला. कोडपूर्व काळात भयकथांची सर्वाधिक मासिकं तिचीच होती, पण हक्क मार्व्हलकडे शाबूत आणि मूळ चित्रं जवळपास नाहीत, अशी दुहेरी कोंडी होती. मार्व्हलने स्वतः काही खंड आणि सुटे अंक काढले, पण सलग मालिका हाती येत नव्हत्या. २०२३ मध्ये फँटाग्राफिक्सने मार्व्हलच्या परवानगीने त्यांची पद्धतशीर मालिका सुरू केली; पहिला खंड 'अ‍ॅडव्हेंचर्स इंटू टेरर'चा. पुढचे खंड हळूहळू येत आहेत.