अमेरिकी शासनव्यवस्थेचा ‘एपी’ अभ्यासक्रम : पार्श्वभूमी

अमेरिकेतील शाळांमध्ये नागरिकशास्त्र पूर्वीपासून शिकवले जात होते. १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या समितीने बारावीसाठी ‘लोकशाहीचे प्रश्न’ या विषयाची शिफारस केली. महाविद्यालयाच्या तोडीचा अभ्यास शाळेतच करण्याची कल्पना मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. हुशार मुलांना शाळेच्या शेवटच्या आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात तेच ते शिकावे लागते, या तक्रारीतून फोर्ड फाउंडेशनच्या पाठबळावर प्रयोग सुरू झाले. पुढे १९५५ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशासाठी परीक्षा घेणाऱ्या ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने ही ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजेच एपी, योजना हाती घेतली. त्यात शासन आणि राजकारण या विषयाची पहिली परीक्षा व्हायला १९८७ साल उजाडले.

या अभ्यासक्रमात खरा बदल २०१८-१९ या शैक्षणिक वर्षापासून झाला. तेव्हापासून नऊ मूळ दस्तऐवज आणि सर्वोच्च न्यायालयाचे पंधरा निकाल वाचणे सक्तीचे झाले. माझ्या मते यातील सर्वांत मोलाची निवड म्हणजे १७८७ मधील ‘ब्रूटस’ या टोपणनावाचा पहिला निबंध. राज्यघटनेच्या मंजुरीला विरोध करणारा हा लेखक म्हणतो की, एवढ्या विस्तीर्ण देशात प्रजासत्ताक टिकणार नाही आणि केंद्राची सत्ता हळूहळू राज्यांना गिळून टाकेल. राज्यघटनेचा एक शिल्पकार जेम्स मॅडिसन याने मंजुरीच्या बाजूने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ या निबंधमालेच्या दहाव्या निबंधात नेमके उलट मांडले: देश जितका मोठा, तितके गट अधिक, आणि म्हणून एखाद्या गटाची दडपशाही तितकीच अवघड. मंजुरीच्या लढाईत हरलेल्या बाजूचे म्हणणे विद्यार्थ्याने तिच्याच शब्दांत वाचावे, ही अपेक्षा मला फार महत्त्वाची वाटते. परीक्षेतील युक्तिवादात्मक निबंधातही स्वतःच्या मताबरोबर विरोधी मताची दखल घ्यावीच लागते.

निकालांच्या यादीत १९६९ चा ‘टिंकर’ खटला आहे. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेलेल्या, आयोवातील डे मॉइन शहरातील विद्यार्थ्यांना शाळेने घरी पाठवले होते. त्यांपैकी मेरी बेथ टिंकर अवघी तेरा वर्षांची होती. न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी विद्यार्थ्यांचा अभिव्यक्तीचा हक्क मान्य केला. हा निकाल वाचणारी मुले तिच्याहून थोडीच मोठी असतात.

यादी अर्थात कायमची नसते. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काविषयीचा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल रद्द ठरवला, त्यानंतर तो सक्तीच्या वाचनातून वगळण्यात आला आणि निकालांची संख्या चौदावर आली.